परड्यातल्या कोंबड्या आणि बेळगावचा पाऊस

पत्र:
'आम्ही बेळगावात अनगोळला राहतो. घर स्वतःचं, मागं १२ बाय १८ फुटांचं परडं आहे. गेल्या महिन्यात सायकलवाल्याकडनं मुलांनी हट्टानं आठ रंगीत पिल्लं घेतली. आठवडाभरात सहा मेली, दोन राहिली आणि ती चांगली तरारली आहेत. आता मुलांनाच काय, आम्हालाही नाद लागलाय. आमच्या गल्लीतच तीन घरांत कोंबड्या आल्यात. सासूबाई म्हणतात जवारीच, म्हणजे गावठीच पाळ. मिस्टर म्हणतात गिरिराज दहा आण, पाळायच्याच तर अंडी तरी पोटभर मिळू देत. पलीकडच्या काकू आत्तापासूनच 'वास आला तर बघा हं' म्हणायला लागल्यात. मृग तोंडावर आलाय. त्याआधी खुराडं बांधून पक्षी आणावेत का? आणि खरं सांगा, अंडं परवडतं का?'
एक वाचक, अनगोळ

ताई,

खुराडं मृगाआधीच बांधा. पक्षी मात्र दसऱ्याच्या सुमारास आणा. मधले चार महिने खुराडं रिकामं राहू दे, फक्त आत तूस पसरून ठेवा.

बेळगावच्या हवेत कोंबडी उन्हानं किंवा थंडीनं क्वचितच दगावते. तिला खाते ती ओल. जूनच्या शेवटापासून ऑगस्ट संपेपर्यंत झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. खालचं तूस एकदा भिजलं की ते वाळत नाही, आणि पुढची सगळी दुखणी त्या एका ओलीतून निघतात. रक्ती हगवणीचे जंतू ओल्या उबदार तुसात दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, त्यानं पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनळी सोलून निघते. माश्यांची अंडी पण तिथंच पडतात. नवीन खुराड्यात पाऊस कुठून झिरपतो, वाऱ्यानं सपकारे कुठवर येतात, हे पहिल्या पावसाशिवाय कळत नाही. ते पक्षी आत असताना कळण्यापेक्षा रिकाम्या खुराड्यात कळलेलं बरं. जुलैत रोज एकदा आत हात घालून बघा, तूस कुठं ओलं लागतं तिथं खडूनं खूण करा आणि गणपतीच्या आसपास उघडीप मिळाली की तेवढी दुरुस्ती उरका.

दसऱ्याला आणण्यात आणखी एक हिशेब आहे. दहा आठवड्यांची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, ऑक्टोबरच्या मध्याला आणली तर ती डिसेंबरअखेर ते जानेवारीत अंड्यावर येते. तेव्हापासून दिवस वाढत जातो, आणि वाढत्या दिवसात अंड्यावर आलेली कोंबडी चांगला दम धरते.

आता त्या दोन पिल्लांचं. वाईट वाटून घेऊ नका, पण ते दोन्ही कोंबडे निघणार हे जवळजवळ नक्की. अंड्यांच्या कोंबड्या तयार करणाऱ्या हॅचरीत पहिल्याच दिवशी नर आणि मादी वेगळे करतात. नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठी लवकर वाढतही नाहीत, म्हणून ते कवडीमोलानं निघतात. पांढऱ्या पिसांवर रंग चढवून सायकलवर फिरतात ते हेच. सहा मेली त्यात तुमचा दोष धरू नका, पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते आणि टोपलीतल्या पिल्लांना ती मिळालेली नसते. उरलेले दोघे आणखी तीनएक महिन्यांत पहाटे चारला बांग द्यायला लागतील, आणि काकूंना वासाआधी तक्रारीला दुसरं कारण मिळेल. खेड्यात कुणी पाहुणे असतील तर त्यांच्याकडे पोचवा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी तेवढीच अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही.

कोणत्या आणि किती? दहा नकोत. चार पुरेत. दहा पक्ष्यांची रोजची विष्ठा किलोभराच्या घरात जाते, आणि १२ बाय १८ च्या परड्यात, तीन बाजूंनी शेजार असताना, पावसाळ्यात ती जिरवणं होत नाही.

सासूबाईंची जवारी काटक खरी, पण वर्षाला ५० ते ७० अंडी, मधूनमधून खुडूक होऊन अंडी बंद करून उबवायला बसणार, आणि सहा फुटी भिंत उडून पलीकडच्या काकूंच्या कोथिंबिरीत उतरणार. तिला मोकळं रान लागतं. खानापूरकडं शेतात जवारीसारखी दुसरी नाही, अनगोळच्या परड्यात तिची आणि तुमची दोघांची कुचंबणा. गिरिराज बेंगळूरच्या हेब्बाळमध्ये तयार झालेली जात. अंगानं भारी, मांस आणि अंडी दोन्हीसाठी, वर्षाला १३० ते १५० अंडी, पण खाणं त्या मानानं जास्त. तुम्हाला अंडीच हवी असतील तर तिथलीच स्वर्णधारा घ्या. अंगानं बेताची, १८० च्या आसपास अंडी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया मिळाली तर तीही चालेल. पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी ३०० वर अंडी देते ते खरं, पण तिला खाद्यात जरा कमी-जास्त झालेलं सोसत नाही, घरच्या पाळणुकीत ती लवकर पाय धरून बसते. पक्षी कुठं मिळतील याची चौकशी बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पच्या किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात करा. एक दिवसाची पिल्लं घेऊ नका. नर-मादी वेगळी न केलेली पिल्लं घेतली तर निम्मे कोंबडेच निघतात.

खुराड्यावर खर्च करा, तिथं हात आखडू नका. चार पक्ष्यांना रात्रीच्या निवाऱ्याला माणशी दोन चौरस फूट, म्हणजे आठ चौरस फूट पुरतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते मोकळं रान असलेल्यांसाठी. आपल्याकडं पावसाचे महिना-दीड महिना पक्षी आतच कोंडून ठेवावे लागतात, म्हणून ६ बाय ४ फुटांचं छताखालचं खुराडं आणि त्याला लागून ६ बाय ८ ची जाळीची फिरती जागा धरा.

खाली जांभ्या चिऱ्यांचा एक फूट उंच चौथरा आणि वर कोबा. कोबा दोन कारणांसाठी: घूस खालून पोखरत नाही आणि जमिनीतली ओल वर चढत नाही. कोब्याला दाराकडं इंचभर उतार द्या. छताला पत्रा स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात रात्री पत्र्याच्या आतल्या अंगाला दहिवर धरतं आणि पहाटे ठिबकायला लागतं. पाऊस आत न येताच तूस ओलं कसं झालं म्हणून लोक डोकं धरून बसतात ते यामुळं. जुनी मंगलोरी कौलं मिळाली तर तीच घाला. फक्त कौलांखाली जाळी ठोका, नाहीतर ऊदमांजर किंवा बोका कौल सरकवून आत उतरतो. छताची वळचण पश्चिमेला तीन फूट, बाकी बाजूंना दोन फूट बाहेर काढा.

पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेची भिंत खालून अडीच फूट पक्की बांधा, वर जाळी. जाळी षटकोनी कोंबडीजाळी नको, तिला गल्लीतलं कुत्रं दातानं फाडतं आणि मुंगसाचं पिल्लू तिच्यातून पार होतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. महाग वाटेल, पण एकदाच. फिरत्या जागेच्या कडेनं हीच जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर फूटभर आडवी पसरा आणि वर चिरे ठेवा. उकरणारं जनावर भिंतीच्या मुळाशीच उकरतं, फूटभर मागं सरून उकरायचं त्याला सुचत नाही. दाराला दोन कड्या लावा, एक वर, एक खाली.

आता पडदा. इथं दहातले आठ जण चुकतात. ताडपत्री छपराला बांधून खाली सोडतात, पाऊस आला की सोडायची, गेला की गुंडाळायची. पण पक्ष्यांच्या श्वासातली वाफ आणि अमोनिया वर चढतो आणि तो बाहेर जायला वरूनच वाट लागते. पडदा खाली पक्का करा आणि वर ओढायची सोय ठेवा, दोरी आणि दोन कड्यांनी हे होतं. कितीही झड असली तरी छताखालची नऊ इंच जागा उघडी राहिलीच पाहिजे. चार बाजूंनी ताडपत्री गुंडाळून 'पिल्लांना गारठा नको' म्हणणारे लोक पक्षी सर्दीनं नाही, कोंदट हवेनं घालवतात.

आत बसायला दोन इंच रुंदीची, कडा घासलेली लाकडी दांडी, जमिनीपासून दोन फूट, चार पक्ष्यांना तीन फूट लांब. गोल गुळगुळीत पाइप नको, पायाचे तळवे दुखावतात. अंड्यांसाठी एक फूट लांबी-रुंदी-उंचीचं एकच खोकं पुरे, त्यात पिंजर घाला आणि ते दांडीपेक्षा खाली ठेवा. दांडीपेक्षा उंच ठेवलं तर त्या खोक्यातच झोपतील आणि अंडी घाणेरडी होतील.

या दांडीखाली दोन फूट रुंद पत्र्याचा ट्रे ठेवा, त्यात इंचभर चुलीची राख किंवा तूस. दिवसभरातली निम्म्याच्या आसपास विष्ठा कोंबडी रात्री दांडीवर बसून टाकते. ती जर रोज सकाळी खरवडून बाहेर काढली तर खालच्या तुसावर पडणारा भार निम्मा झाला. पाच मिनिटांचं काम आहे. काकूंच्या नाकाचा प्रश्न बाकी कुठल्याही पावडरीपेक्षा या ट्रेनं जास्त सुटतो. खरवडलेलं झाकणाच्या बादलीत, वर तितकाच वाळका पाला. उबदार हवेत माशीच्या अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून खुराड्यातला कुठलाही ओला ढेकूळ आठवडाभर जागच्या जागी राहता कामा नये. बादली भरली की खड्ड्यात टाका आणि तीन महिने कुजू द्या. ताजं खत गुलाबाला किंवा मिरचीला घातलंत तर मुळं जळतील.

तूस भाताचं घ्या. आपल्याकडं गिरणीत मुबलक मिळतं. ६ बाय ४ च्या जागेत चार इंच थर द्यायला आठ घनफूट लागतं, म्हणजे दोन-तीन पोती. पण तूस मे महिन्यात घेऊन ठेवा आणि दोन पोती जास्तीची घरात कोरडी ठेवा. जुलैत गिरणीतलं तूसही दमट असतं, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला कोरडं हवं असतं. तूस ठीक आहे का हे बघायला मूठभर घट्ट आवळा आणि हात उघडा. गोळा तसाच राहिला तर जास्त ओलं, लगेच तेवढं काढून नवं घाला. हळूहळू मोकळं झालं तर उत्तम. एकदम धुळीसारखं सुटलं तर फार कोरडं, त्यानंही शिंका येतात. आणि आठवड्यातून एकदा गुडघ्यावर बसून तोंड कोंबडीच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले तर त्यांनाही चुरचुरतात.

चुन्याबद्दल थोडं. तुसात विझवलेल्या चुन्याची भुकटी मिसळायची पद्धत चांगली आहे, २४ चौरस फुटांना किलोभर पुरते. पण वास आलाय म्हणून ओल्या तुसावर चुना मारलात तर पहिले एक-दोन दिवस वास उलट वाढतो, कारण चुना अमोनिया मोकळा करतो. चुना कोरडं असताना, तूस वर-खाली करताना घाला. कळीचा चुना अजिबात नको, पाय भाजतात.

निपाणीकडून आणलेला तंबाखूचा भुगा उवांसाठी खोक्यात घालतात काही जण. निकोटिन विष आहे, कोंबडीनं चोचीनं टिपलं तर तिलाही बाधतं. त्याऐवजी कोरड्या कोपऱ्यात राख आणि माती अर्धी-अर्धी घातलेलं घमेलं ठेवा, ती आपली आपण धुळीत लोळून उवा झटकते.

खाणं. अंड्यावर येईपर्यंत वाढीचं खाद्य, १५ ते १६ टक्के प्रथिनांचं. लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, पहिलं अंडं दिसेपर्यंत देऊ नका. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, कोवळ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. अंडं सुरू झालं की लेयर मॅश माणशी ११० ग्रॅम, अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी, आणि वाटीत वेगळा शिंपल्यांचा चुरा. पाणी पाव लिटर, एप्रिल-मेत दुप्पट. घरचं उरलंसुरलं, भाजीचे देठ, भाताची कणी, जोंधळे हे सगळं मिळून खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या पुढं नको. मुलं प्रेमानं भाताचा डोंगर वाढतात, कोंबड्या गुबगुबीत होतात आणि अंडी थांबतात. खारट काही नको. आपल्या भागात सोयाबीन घरोघरी असतं, पण कच्चं सोयाबीन घालू नका. त्यातल्या घटकामुळं प्रथिनं पचत नाहीत, नीट भाजलेलंच चालतं. आणि शेंगपेंड किंवा मॅशला पावसात हिरवट-काळी बुरशी दिसली तर पोतं उन्हात घालून वाचवायचा प्रयत्न करू नका. बुरशी झटकली तरी तिचं विष तसंच राहतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच आणा, झाकणाच्या डब्यात, फळीवर.

मिस्टरांना हा हिशेब दाखवा. चार कोंबड्या रोज ४४० ग्रॅम खातात, वर्षाला १६० किलो. चौघींची अंडी ७२०. म्हणजे अंड्यामागं २२० ग्रॅम खाद्य. किलोला ३५ रुपये धरले तर नुसत्या खाद्याचे ७ रुपये ७० पैसे झाले, खुराडं, तूस, लस वेगळी. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यापेक्षा हे स्वस्त पडणार नाही. बाजारात जवारी म्हणून जे विकतात त्याच्या भावाशी ताडून बघितलंत तर गणित जमतं. पैसे वाचवायला म्हणून कोंबड्या पाळायच्या असतील तर पाळू नका.

थंडीत दिवस अकरा तासांवर येतो आणि अंडी घटतात. सात वॉटचा एक दिवा पहाटे लावून दिवस चौदा तासांचा करता येतो. पण एकदा सुरू केलात तर रोज त्याच वेळेला, नाहीतर पिसं गाळून बसतील.

दुखण्यांत दोनच लक्षात ठेवा. पावसाळी दिवसात पक्षी पिसं फुलवून, पंख खाली सोडून कोपऱ्यात उभा राहिला आणि विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. त्याच दिवशी तूस बदला, पाण्यातून अँप्रोलियम हे औषध द्या, मात्रा पाकिटावरून नको, डॉक्टरांना विचारून. त्या चार-पाच दिवसांत ताकदीचं म्हणून बी-जीवनसत्त्वाचं औषध सोबत देऊ नका. अँप्रोलियम बी-१ ची वाट अडवूनच काम करतं, दोन्ही दिलीत तर एकमेकांना मारतात. दुसरं, मान वाकडी, हिरवी हगवण आणि धापा, म्हणजे मानमोडी. तिला औषध नाही, लसच. आणि दोन-तीन पक्षी कारण न कळता एकदम मेले तर ते कापू नका, गटारात टाकू नका, जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

परवान्याचं एकदा महानगरपालिकेच्या आरोग्य विभागात जाऊन विचारून घ्या. काकूंना मात्र खुराड्याची जागा आखायच्या आधी बोलवा आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून उलट्या कोपऱ्यात चौथरा घाला.

अंडी धुऊन ठेवू नका, कोरड्या फडक्यानं पुसा. धुतल्यानं कवचावरचा पातळ थर जातो आणि जंतू आत शिरतात. मुलांना खुराड्यातून आल्यावर साबणानं हात धुवायची सवय लावा, आणि अर्धकच्चं अंडं लहानग्यांना देऊ नका.

ऑक्टोबरात पक्षी घेताना डोळे कोरडे, नाकपुड्या स्वच्छ, बुडाखालची पिसं चिकटलेली नाहीत हे बघा, मग लशीच्या तारखा विचारा. पहिल्या दिवशी मरेक्स, पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा, चौदाव्याला गंबोरो, अठ्ठाविसाव्याला परत लासोटा, सहा-सात आठवड्यांना देवी आणि आठ ते दहा आठवड्यांना मानमोडीची टोचणीची लस, आर-टू-बी. शेवटची झालेली नसेल तर घरी आणून चार-पाच दिवस विसावा द्या आणि टोचून घ्या. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची असते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते, चार पक्ष्यांसाठी कुणी ती फोडत नाही. तुमच्या गल्लीतल्या त्या तीन घरांना त्याच सकाळी बोलवा, कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये आणा आणि ऊन चढायच्या आत सगळ्यांचं उरकून टाका.